खेळणा नदीच्या काठी

दिवाळीला चार दिवस उरले होते. आत्याच्या घरामागच्या अंगणात माझी मुलगी कोपरापर्यंत मातीत हात घालून बसली होती. किल्ल्याचा अजून नुसता ढिगारा होता, वर ओलं पोतं टाकलेलं. सकाळीच आम्ही तिघं कसब्यातल्या कुंभारवाड्यात जाऊन चित्रं घेऊन आलो होतो: सिंहासनावरचे महाराज, भाले घेतलेले आठ मावळे, दोन तोफा, एक वाघ, एक भाजीवाली आणि डोक्यावर घागर घेतलेली गवळण. आत्याने शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. घाईत रंगवलेल्या मिश्या तिला बघवत नाहीत. दरवर्षी चित्रं घरी आली की ती वर्तमानपत्र पसरते आणि एकेकाच्या मिश्या, भुवया नीट करून देते.

मी नोकरीमुळे बरीच वर्षं इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला आहे. छोट्या सैनिकांचा छंद ज्यांना आहे त्यांना जगात कुठेही हे गाव माहीत असतं. 'वॉरहॅमर' काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तिथे आहे, आणि आसपास असे सैनिक ओतणारे इतके छोटे-मोठे कारखाने आहेत की छंदवाले त्या पट्ट्याला 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात. मीही तिथेच या नादाला लागलो. सैनिक विकत घ्यायचे, रंगवायचे, आणि मोठ्या टेबलावर टेकड्या-नद्या मांडून, टेपने अंतर मोजत, फासे टाकत त्यांच्या लढाया खेळायच्या. या खेपेला एक डबा मुद्दाम बरोबर आणला होता. आत्याने हातातला कुंचला खाली न ठेवताच सांगितलं, "उघड."

आत्या: हे एवढेसे?

मी: अठ्ठावीस मिलिमीटर. तळव्यापासून डोळ्यापर्यंत.

आत्या: डोक्यापर्यंत का नाही?

मी: डोक्यावर पगडी असते, टोप असतो, पिसं असतात. डोळे मात्र सगळ्यांचे साधारण एकाच उंचीवर येतात.

आत्या: हे बरोबर आहे. माझं भिंग दे. ... अरे, याला बुबुळं आहेत!

मी: तो शिंद्यांच्या तोफखान्यातला गोलंदाज. डबल झिरोचा कुंचला. आधी डोळे काढतो, मग चेहरा.

आत्या: उलटं करतोस. पेणला जाऊन बघ. गणपतीचा रंग, दागिने, सोनेरी सगळं होतं, आणि डोळ्यांची आखणी शेवटी. ज्याचा हात सगळ्यात स्थिर तो माणूस आखणीला बसतो.

मी: गणपतीचा डोळा बोटभर असतो, आत्या. इथे कुंचला केसभर सरकला की अर्धा गाल पांढरा होतो. म्हणून आधी पांढऱ्याचा आडवा फराटा, त्यावर काळा ठिपका, दोन्ही वेडेवाकडे आले तरी चालतात. मग कातडीचा रंग घेऊन वरून, खालून, कडेने आत येत जायचं. शेवटी मधे जेवढं राहतं तो डोळा. मी डोळा काढत नाही, उरवतो.

ती काही बोलली नाही. भिंग तसंच धरून तिने गोलंदाज उजेडाकडे फिरवला, मग पाठ पाहिली. पगडीच्या पिळांत गडद रंग कसा बसलाय असं विचारलं. मी सांगितलं: पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग वरून सोडायचा. तो आपोआप खाचांत उतरतो आणि उंचवट्यांवरून निघून जातो. वाळला की जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फक्त उंच कडांवर फिका रंग पुसायचा. खोटी सावली आणि खोटं ऊन. इंचभर माणसावर खरं ऊन पडलं तरी दिसत नाही, म्हणून ते रंगवून द्यावं लागतं.

आत्या: आमच्या लघुचित्रांत खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले असायचे. एका दाढीला दिवस जायचा. किती वेळ लागतो तुला?

मी: या एकाला दोन संध्याकाळी.

आत्या: आणि किती आहेत असे?

मी: रंगवलेले सहाशेच्या वर.

आत्या: न रंगवलेले?

मी: तेवढेच असतील. डब्यांत आहेत.

आत्या: तिथेच मला पटत नाही. रंगवणं मला कळतं. पण सहाशे माणसं कपाटात आणि सहाशे डब्यात, याला काय म्हणायचं? आपल्याकडे कसं आहे बघ. चित्रं दरवर्षी येतात, किल्ल्यावर बसतात. तुळशीच्या लग्नापर्यंत पावसाने, मांजराने, पोरांनी निम्मी मोडतात. एखादा चांगला मावळा पुढच्या वर्षी ठेवायचा, बाकीचे मातीचे होते, मातीत गेले. कुंभाराला पुढच्या वर्षी काम मिळतं आणि घरात साठत काही नाही. वस्तूला जायची वाट ठेवावी.

मी: तुझ्या घरात भातुकली आहे. पितळी. काचेच्या कपाटात, कुलपात.

आत्या: ती माझ्या आजीची आहे.

मी: आजी त्यात चुरमुऱ्यांचा भात करायची, तूच सांगतेस. आम्हाला कधी हात लावू दिला नाहीस.

आत्या: तुम्ही झारे वाकवले असते.

मी: वाकवले असते. आता तुला हे दाखवतो.

मी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत एक जुना लाल डगल्याचा ब्रिटिश सैनिक होता, चोपन्न मिलिमीटरचा, रंग बराच उडालेला. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या घराण्याने १८९३ मध्ये ही पोकळ ओतकामाची युक्ती काढली. शिशाचा रस साच्यात ओतायचा, साच्याला टेकलेला पातळ थर गोठला की मधला रस लगेच परत ओतून घ्यायचा. आत पोकळ, वर सैनिक. धातू कमी लागला, किंमत उतरली, आणि भरीव सैनिक विकणाऱ्या जर्मन कारागिरांची इंग्लंडमधली बाजारपेठ हातची जाऊ लागली. मुलांच्या तोंडात शिसं जातं म्हणून १९६६ च्या सुमाराला ते बनणं थांबलं. आत्याने सैनिक हातात घेतला आणि त्याचं डोकं हललं.

आत्या: मान तुटलीय.

मी: नीट बघ. आत काडी आहे. आगपेटीची काडी धडातल्या भोकात खुपसून वर डोकं बसवलंय. कुणातरी मुलाने, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी. पोकळ सैनिकांची मान हीच पहिली जाते, आणि तिकडच्या घराघरांत मुलं अशीच जोडायची. संग्रह करणाऱ्यांच्या बाजारात अशा सैनिकाला किंमत नाही. जसाच्या तसा, खोक्यासकट, कुणी न हाताळलेला हवा असतो. मी हाच घेतला.

आत्या: का?

मी: याच्याशी कुणीतरी खेळलंय. तो मोडल्यावर फेकला नाही, पुन्हा लढायला उभा केला. मला गोळा करायचा आनंद आहे, तो नाकारत नाही. एखादी पलटण पूर्ण झाली की रात्री उठून कपाटातला दिवा लावून बघतो. पण टेबलावर उतरलीच नाही ती पलटण मला अर्धीच वाटते.

आत्याने उठून हात साबणाने धुतले. शिशाचं ऐकल्यावर ती ते करणारच होती. परत येऊन तिने महाराज उचलले.

आत्या: बरं, मला हे सांग. तुझे सगळे एका मापाचे. सेनापती आणि शिपाई सारखेच. आमच्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, कारण ते महाराज आहेत. जुन्या चित्रांतही राजा मोठा, हुजरे लहान. मान मापात दिसतो. तुझ्या खेळात मान कुठे आहे?

मी: माझ्या खेळात सेनापती गोळीच्या टप्प्यात आला की मरू शकतो. म्हणून तो शिपायाएवढाच लागतो. आणि आत्या, लहानपणी मला या किल्ल्याचं एक कोडं पडायचं. मावळे पहारा देतायत, तोफा रोखलेल्या आहेत. कुणावर? आपल्या किल्ल्यावर कधी शत्रूच नसायचा. सगळे आपलेच. तीन आठवडे नुसते उभे.

आत्या: तुम्ही शेवटच्या दिवशी सुतळी बॉम्ब लावून बुरूज उडवलात. विसरले नाही मी.

मी: तेवढीच लढाई आम्हाला ठाऊक होती.

आत्या: आणि तेवढीच बरी होती! किल्ला हा मांडायचा असतो. सण आहे तो. तू त्यावर फासे टाकून माणसं आडवी करणार, मग ती डब्यात भरणार आणि पुढच्या रविवारी तीच पुन्हा उभी. हा खेळ कुठून आला, माहितेय ना तुला?

मी: माहितेय. त्याची एक शाखा थेट लष्करातून आली. प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नियम छापले. नकाशावर धातूचे ठोकळे, फासे आणि मधे एक पंच. तिथल्या सेनाप्रमुखाला तो इतका आवडला की पलटणींना वाटला. अधिकारी त्यावर खरी लढाई शिकले.

आत्या: म्हणजे मारायचा सराव.

मी: त्या शाखेचा, हो. दुसरी शाखा एच. जी. वेल्स यांची. कादंबरीकार. त्यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहिलं. हेच ब्रिटनचे सैनिक घेऊन, घरात जमिनीवर, लाकडी गोळी उडवणाऱ्या खेळण्यातल्या तोफेने. युद्धाची हौस असलेल्यांनी ती या जमिनीवर भागवावी आणि खऱ्या माणसांना सोडावं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आत्या: मग त्यांच्या म्हणण्याचा उपयोग काय झाला?

मी: युद्ध थांबलं नाही, हे खरंच.

आत्या: वाड्यात समोरच्या खोलीतल्या काकूंचा थोरला एकाहत्तर सालच्या युद्धात गेला. तार आली तेव्हा मी जिन्यात होते. काकूंनी तार माझ्याकडे वाचायला दिली, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तो लहानपणी आमच्या किल्ल्याला पाणी घालायचा, अळीव पेरायचा. त्यानंतर किती वर्षं मी किल्ल्यावर तोफ ठेवू दिली नाही. तू खेळतोस त्यात मला राग नाही. पण मेलेलं माणूस डब्यातून परत काढता येतं, हे हाताला शिकवणं मला बरं वाटत नाही.

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. याला तोडीस तोड उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि ते शोधावंसंही वाटलं नाही. मी तिला दुसरंच काहीतरी सांगितलं.

मी: हे गोलंदाज कुठले, ते विचारलं नाहीस. असईचे. २३ सप्टेंबर १८०३. आपल्या जालना जिल्ह्यात. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज एका बाजूला, आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला. आपली फौज त्याच्या कितीतरी पट, तोफा शंभराच्या आसपास. मधे नदी. इंग्रजी पुस्तकांत कायटना लिहितात.

आत्या: मराठीत?

मी: खेळणा. आणि पलीकडची जुई.

आत्या: खेळणा! पुढे.

मी: वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांना दोन गावं, एकमेकांसमोर. एवढी जवळ दोन गावं असताना लोक येत-जात नसतील हे शक्यच नाही, म्हणजे उतार असणारच, असा त्याने हिशेब केला. तो खरा निघाला. तो बाजूने चढून आला तर शिंद्यांच्या कवायती पलटणींनी, पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हुकमाखाली, सगळी फळी काटकोनात फिरवली. चालू लढाईत, तोफांसकट. ते काय दिव्य आहे ते मला वाचून कधी कळलं नव्हतं. टेबलावर तेवढेच सैनिक फिरवायला बसलो आणि ते एकमेकांत अडकले, तेव्हा कळलं.

आत्या: तू अर्थातच शिंदे.

मी: नाही. मी वेलस्ली होतो. शिंद्यांच्या बाजूला आमच्या क्लबातला एक निवृत्त बसचालक बसला, जन्मापासून नॉटिंगहॅमचा. दोन महिने वाचून आला होता. 'गोलंदाज'चा उच्चार त्याने माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतला.

आत्या: आपल्याच लोकांवर चालून गेलास?

मी: गेलो. कुणालातरी त्या बाजूने बसावंच लागतं, नाहीतर खेळ होत नाही. आणि तिथे बसल्यावर मला आपले लोक पहिल्यांदा दिसले. शाळेत एक ओळ होती, इंग्रज जिंकले. समोरून त्या तोफा रोखलेल्या बघताना घशाला कोरड पडली. प्रत्येक इंच मोजून पुढे यायचं आणि प्रत्येक इंचाला फासे तुमच्याविरुद्ध. खऱ्या लढाईत ते गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. फळी अंगावरून पुढे गेली, तेव्हा काही जण तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. ते उठले आणि त्यांनी इंग्रजांच्या पाठीवर तोफा डागल्या. आमच्या नियमांत ते आहे. तोफ नीट ताब्यात घेतली नाही, तर फासा टाकायचा. मेलेले उठू शकतात.

आत्या: उठले त्यांचं पुढे काय झालं?

मी: वेलस्ली घोडदळ घेऊन मागे वळला. मारले गेले.

आत्या: मग ते तरी नीट सांग. उठले आणि मग खरोखर मेले.

मी: हो.

आत्या: तुझ्या बसचालकाने उठवले?

मी: उठवले. पाच हवा होता, सहा पडला. त्या डावात तो जिंकला. नंतर आम्ही दोघं बराच वेळ टेबलाभोवती फिरत कोण कुठे होतं ते बोलत राहिलो.

आत्याला मी सायबोर्नबद्दलही सांगितलं, कारण माझ्या मनात हा माणूस नेहमी असतो. असईचा वेलस्ली हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. विल्यम सायबोर्न या लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूचा देखावा करायला घेतला. रणांगणावरच्या शेतघरात महिनोनमहिने राहून जमीन मोजली, लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून तुम्ही त्या घटकेला कुठे होतात असं विचारलं, आणि नखाएवढे सत्तर हजारांवर सैनिक मांडले. सरकारने मधेच पैसे थांबवले, तो कर्जात गेला. १८३८ मध्ये लंडनला देखावा खुला झाला. त्यात प्रशियाची मदत इतकी ठळक दिसत होती की ती वेलिंग्टनला खुपली. शेवटी सायबोर्नने त्यातले बरेच प्रशियन सैनिक काढून टाकले. तो देखावा आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. मी काचेपाशी तासभर उभा होतो. नखाएवढी माणसं कुठे उभी करायची, यावरून एवढा मोठा सेनापती अस्वस्थ होतो, याचा अर्थ ती माणसं नुसती शोभेची नव्हती.

आत्या: टेबलावर मांड.

मी: काय?

आत्या: असई. जेवायला अजून वेळ आहे. नदीला माझी निळी ओढणी घे.

मी जेवणाच्या टेबलावरून डबे, लोणच्याची बरणी उचलली. ओढणीची घडी करून खेळणा अंथरली, रुमालाची जुई. गोलंदाजांच्या तोफा एका ओळीत लावल्या. उतारापाशी आमनेसामने दोन काडेपेट्या ठेवल्या, ती दोन गावं. शिवणाच्या डब्यातली टेप आणि सापशिडीचे फासे मुलीने आणून दिले. तिचे हात अजून मातीचेच होते. आत्या टेबलाच्या टोकाशी उभी राहून सगळं निरखत होती. मिनिटभराने ती आत गेली आणि वर्तमानपत्रावर वाळत ठेवलेली भाजीवाली आणि गवळण घेऊन आली. भाजीवाली तिने अलीकडच्या काडेपेटीशी बसवली. गवळण बरोबर उताराच्या मधोमध, ओढणीवर उभी केली. माझ्या गोलंदाजांच्या तिप्पट उंच होती ती. घागरीच्या रंगाला अजून ओल होती.

आत्या: गावावरून उतार ओळखला ना त्याने? मग गावात माणसं असणार. या रोज इथूनच येत-जात होत्या. आता तुझं सैन्य आण.

मी: पुस्तकात यांचा नियम नाही.

आत्या: तर मग कर.

मुलीने टेबलावर हनुवटी टेकवली आणि लाल डगल्यांची पहिली रांग काठाला आणून ठेवली. मी टेप उलगडली. सरळ गेलं तर पलीकडचा काठ सहा इंचांवर होता. गवळणीला वळसा घालून मोजलं, तर साडेनऊ भरत होते आणि पायदळाची एका खेपेची चाल सहाची. म्हणजे एक पूर्ण खेप माझी माणसं नदीत, तोफांच्या तोंडासमोर उभी राहणार होती.

"तिला जरा बाजूला सरकायला सांगता येईल का?" मुलीने विचारलं.

"फासा टाक," आत्या म्हणाली, आणि खुर्ची ओढून शिंद्यांच्या बाजूला बसली.